गुलाबी रंग गेला कुठे?

१

गच्चीवरची टाकी सकाळी काठोकाठ भरायची आणि संध्याकाळच्या आत तिच्या तळाला नुसता गाळ उरायचा. बरेच दिवस हे चाललं होतं. चार बिऱ्हाडांची आमची इमारत, तीही आटोपशीर. एवढं पाणी प्यायला आमच्यापैकी कोणी हत्ती पाळला नव्हता. प्लंबर येऊन गेला. त्याने पाइप ठोकून पाहिले, टाकीभोवती फेरी मारली, घराघरांतले नळ पिळून पाहिले, आणि कुठेही भोक नाही, कोणीतरी नळ उघडा टाकतंय, असा निकाल देऊन तो चालता झाला.

कोणीतरी म्हणजे कोण, हे शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात भरलेल्या बैठकीत ठरलं. तळमजल्याच्या मावशी.

ठरवलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी. गेली कित्येक वर्षं या इमारतीचे सेक्रेटरी तेच आहेत, कारण दुसऱ्या कोणाला ते व्हायचं नाही. पाण्याच्या थेंबाथेंबावर व्याख्यान देतात म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना थेंबोबा म्हणतात. पाणीटंचाई सुरू होण्याच्या सुमारास त्यांनी आम्हा सगळ्यांच्या फ्लशच्या टाक्यांत स्वतःच्या हाताने एकेक वाळू भरलेली बाटली सोडली होती. बाटलीने जागा अडवली की दर फ्लशला तेवढं पाणी कमी लागतं. विजेच्या बाबतीतही तसंच. त्यांच्या घरातले दिवे इतके मिणमिणते की आत गेलं की आधी भिंत शोधावी लागते. पण माणूस प्रामाणिक, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणेन.

त्यांच्याकडे पुरावा होता. त्यांनी स्वतः आपल्या बाथरूममधल्या पाइपला कान लावून ऐकलं होतं. दिवसभर पाणी खाली वाहत असल्याचा आवाज येतो. खाली राहतं कोण? शिवाय ड्रेनेजचा चेंबर मावशींच्या मागच्या दाराशी आहे, त्याचं झाकण उचललं की भर दुपारी, सगळं सामसूम असताना, आतून पाण्याची धार चाललेली दिसते. दुसऱ्या मजल्यावरच्या बेकरीवाल्याने मान डोलावली. धार त्यानेही पाहिली होती.

मी पहिल्या मजल्यावर राहते. दातांची डॉक्टर आहे, दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे. कोणी वेदनेचं कारण माझ्याआधी ठरवून आलं की मला राग येतो, मग ते बरोबर असो वा चूक. मी तोंड उघडणार तेवढ्यात सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेल्या मावशीच बोलल्या.

"माझ्याच हातून होत असेल," त्या म्हणाल्या. "परवा रविवारी मुलगा येतोय. मला घेऊन जातोय, कायमचं. मग तुम्हाला पाणी पुरेल."

२

मावशी आमच्या कोणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत, पण इमारतीत पहिल्यांदा राहायला आल्या त्या त्याच. नवरा गेल्यावरही एकट्या राहिल्या, आणि नीट राहिल्या. परगावी राहणारा मुलगा बोलवायचा तेव्हा त्या चार दिवस जाऊन यायच्या आणि आल्यावर म्हणायच्या, दुसऱ्याच्या घरात चमचासुद्धा विचारून घ्यावा लागतो. आता त्याच मावशी कायमच्या निघाल्या होत्या, आणि त्यांनी ते इतक्या मुकाट्याने कबूल केलं याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

बैठक उठली तशी मी त्यांच्यामागोमाग आत गेले. पलंगावर ट्रंक उघडी, निम्मी भरलेली. मी न विचारता बाथरूममध्ये डोकावले. माणूस नळ उघडे टाकतो म्हणजे काय होतं ते मला ठाऊक आहे, माझ्या नवऱ्याशी माझं लग्न झालेलं आहे. तो घरी बसून भाषांतरं करतो आणि एखादा शब्द अडला की बेसिनचा नळ तसाच सोडून शब्दकोशाकडे धावतो. आमची फरशी कायम ओली, पायपुसणं कायम पिळायला आलेलं. मावशींची फरशी खडखडीत कोरडी होती. पायपुसणं हाताने चाचपलं, तेही कोरडं. कोपऱ्यात झाकण ठेवलेली पाण्याची बादली आणि वर पालथा तांब्या.

मी त्यांना विचारलं, की तुम्ही नेमकं काय विसरता? त्या म्हणाल्या, वय झालं, विसरते. मी म्हटलं, एक तरी गोष्ट सांगा. त्यांना सांगता येईना. उलट त्यांनी मला आठवण करून दिली की माझ्या नवऱ्याने नेलेलं स्टूल अजून परत आलेलं नाही, आणि मी त्यांची डावीकडची दाढ काढली तेव्हा माझ्या दवाखान्यातला पंखा बंद होता. दोन्ही खरं होतं.

बोलताना त्या उजवा तळवा सारखा पदराखाली घेत होत्या. मी डॉक्टर आहे, लपवलेला हात मला आधी दिसतो. तळव्याच्या बुडाशी कातडी लाल होऊन सोलवटली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, घासलं कुठेतरी. त्यापुढे एक अक्षर नाही.

"मावशी, तुम्हाला जायचंय का?" मी विचारलं.

त्यांनी एक साडी उगाचच पुन्हा घडी केली. "मला काय वाटतं याला आता अर्थ नाही गं. माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही."

हे ऐकून मी वर आले ती एक गोष्ट ठरवूनच. रविवारी सकाळी मुलाची गाडी दारात लागायच्या आत पाणी कुठे जातं ते मी शोधणार होते. मावशींनी जावं की राहावं ते नंतर त्या ठरवतील, पण खोट्या कारणासाठी त्यांना जाऊ देणार नव्हते.

नवऱ्याने विचारलं, सुरुवात कुठून करणार? मी म्हटलं, जिथून रोज करते तिथूनच. माझ्याकडे पेशंट येतो तो गालाला हात लावून, खालची दाढ दुखते म्हणतो. खालची दाढ ठणठणीत असते. किडलेली असते वरची, कळ खाली उतरलेली असते. पेशंट खोटं बोलत नसतो, फक्त दुखतं तिथेच बिघाड आहे असं धरून चालतो. सेक्रेटरींनी आवाज ऐकला होता, बेकरीवाल्याने धार पाहिली होती, आणि दोघेही खरंच सांगत होते. पण चार मजल्यांचं सांडपाणी एकाच पाइपाने खाली उतरतं आणि एकाच चेंबरमध्ये पडतं. धार मावशींच्या दाराशी दिसत होती एवढंच सिद्ध झालं होतं. ती निघते कुठून हे कोणी पाहिलंच नव्हतं.

मग दिवसभर, कोणाच्या लक्षात न येता, पाणी सोडणारी गोष्ट कोणती? नळ नव्हे. नळ दिसतो, त्याखाली बादली असते, फरशी ओली होते. मी आमच्या बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. समोर कमोड होता, त्यामागे फ्लशची पांढरी टाकी. त्या टाकीच्या तळाशी एक रबरी झडप असते. ती नीट बसली नाही की पाणी कमोडमध्ये झिरपतं, तिथून गुपचूप ड्रेनेजमध्ये जातं आणि वरून टाकी पुन्हा भरत राहते. ना फरशी ओली, ना थेंब बाहेर. आणि रात्री, जेव्हा शांततेत ऐकू आलं असतं, तेव्हा आमची गच्चीवरची टाकी आधीच रिकामी झालेली असायची.

दवाखान्यात मुलांना चघळायला देतो त्या गुलाबी गोळ्या माझ्याकडे होत्या. दात घासायचा कंटाळा केला असेल तिथे त्या गोळीचा रंग चिकटून बसतो आणि लबाडी उघडी पडते. मी मूठभर गोळ्या कुटून त्यांच्या पुड्या केल्या.

३

शनिवारी सकाळी टाकी भरून मोटर बंद झाली तशी मी सगळ्यांना माझी युक्ती सांगितली. प्रत्येक फ्लशच्या टाकीत एक पुडी टाकायची. मग बराच वेळ कोणीही फ्लश करायचं नाही. झडप नीट असेल तर रंग टाकीतच राहील. झडप गळत असेल तर कमोडमध्ये गुलाबी पाणी उतरेल. कोणी चोरून फ्लश करू नये म्हणून सगळ्यांनी दारांना कुलपं लावून खाली अंगणात बसायचं आणि किल्ल्या माझ्याकडे द्यायच्या.

बेकरीवाला पहाटेपासून भट्टीवर उभा राहून आलेला, डोळ्यांत झोप. तो म्हणाला, ताई, मी दिवसभर घरी नसतोच, माझ्या कमोडला गळायला वेळ कधी मिळणार? तरी त्याने दार उघडलं. त्याच्या टाकीत मी पुडी टाकली, मावशींच्या टाकीत टाकली, आमच्याही टाकीत टाकली. आमच्या वेळी नवरा आरोपीसारखा भिंतीला टेकून उभा होता.

तिसऱ्या मजल्यावर मात्र सेक्रेटरी बाथरूमच्या दारात आडवे आले. त्यांच्या टाकीचं झाकण जुनं, तडा गेलेलं. ते कसं उचलायचं हे फक्त त्यांनाच माहीत, दुसऱ्याचा हात लागला तर दोन तुकडे. पुडी माझ्या हातातून घेऊन त्यांनी दार लोटलं. आत जरा खुडबुड झाली आणि ते बाहेर आले. मला ते आवडलं नाही, पण मुद्दाम भांडण उकरायची ती वेळ नव्हती.

अंगणात खुर्च्या मांडून आम्ही बसलो. मावशी, मी आणि नवरा, बेकरीवाला, सेक्रेटरी आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू. किल्ल्यांचा ढीग माझ्या मांडीवर. मावशींनी सगळ्यांना चहा केला. ज्यांनी आदल्या दिवशी त्यांना दोषी ठरवलं त्यांना त्या साखर पुरते का विचारत होत्या, आणि ती माणसं हो म्हणत होती. सेक्रेटरींच्या पांढऱ्या कपावर गुलाबी बोटं उमटली. काकूंनी त्च् केलं आणि त्यांच्या हातात आपला रुमाल कोंबला. काकू कमी बोलतात. नवरा बोलतो त्या घरात दुसऱ्याला संधी कमीच मिळते.

पुरेसा वेळ गेल्यावर मी टॉर्च घेऊन निघाले आणि सगळे माझ्यामागे जिना चढले. मावशींचा कमोड पांढराशुभ्र. आमचा पांढरा, आणि नवऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला. बेकरीवाल्याचा पांढरा. शेवटी तिसरा मजला. सेक्रेटरींच्या बाथरूममध्ये दिवा लावूनही अंधारच, म्हणून मी टॉर्च खाली धरला. उजेड पाण्यात जरासा थरथरत होता. तीन मजले चढून मला दम लागला होता. मी नीट वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. गुलाबीचा मागमूस नाही.

मग सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले की डॉक्टरांचे आभार मानले पाहिजेत. इमारतीतला एकही कमोड गळत नाही हे त्यांनी स्वतःच सिद्ध करून दिलं. आता राहिले फक्त नळ.

मावशी जिना उतरायला लागल्या होत्या. कठड्याला धरून, एकेक पायरी, कोणाकडेही न बघता.

४

मी घरी येऊन खुर्चीत बसले ती उठलेच नाही. आपण मावशींना वाचवायला निघालो आणि आपल्याच हाताने त्यांच्यावर शिक्का मारला. तेवढ्यात बाथरूममधून नवऱ्याची हाक आली. खून झाल्यासारखं दिसतंय म्हणाला. त्याने फ्लश केला होता आणि टाकीतलं सगळं गुलाबी पाणी धो धो कमोडमध्ये उतरलं होतं. पांढऱ्या भांड्यावर गुलाबी ओघळ बसले होते आणि ते घासल्याशिवाय निघणार नव्हते. मी म्हटलं, घास. दुसरं काय म्हणणार?

दुपारी बेकरीवाला तक्रार घेऊन आला. त्याच्याकडेही तेच. झोपेतून उठून फ्लश केला तर भांडं सरबतासारखं झालं, त्याच्या बायकोने फोनवरून ते ऐकून माहेरून लवकर यायचं रद्द केलं. मी त्याला घासायची पावडर दिली. मावशींकडे जाऊन पाहिलं तर त्यांनी आधीच घासून ठेवलं होतं, ब्रशाच्या टोकांना अजून रंग होता.

परत येताना जिन्यात काकू भेटल्या. गच्चीवरून वाळलेले कपडे काढून इस्त्रीला द्यायला खाली उतरत होत्या. मी आपली शरमेने म्हटलं, तुम्हालाही उगाच घासत बसावं लागलं असेल. काकूंनी कपड्यांच्या ढिगावरून माझ्याकडे पाहिलं.

"नाही हो. आम्ही दोघांनीही फ्लश केला की. साधं पांढरं पाणी आलं."

मी पायरीवरच थांबले. काकू दोन पायऱ्या खाली उतरल्या होत्या, त्याही थांबल्या.

"काकू," मी म्हटलं, "मग तुमच्या टाकीतला रंग गेला कुठे?"

५

माणूस तोंडात बघत राहतो आणि गाल बघायचा विसरतो, तसं माझं झालं होतं. मी सगळीकडे कमोडमध्ये गुलाबी रंग शोधला. फ्लशच्या टाकीत तो अजून आहे का, हे एकाही घरात पाहिलं नाही.

काकूंना मी जिन्यातच बसवलं आणि मोठ्याने विचार करायला लागले. रंग नसण्याची कारणं तीनच असू शकतात. एक, सेक्रेटरींनी पुडी टाकलीच नाही, खिशात घातली. दाराआड काय केलं ते मी पाहिलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझा पहिला संशय तोच होता. दोन, रंग टाकला आणि मधल्या वेळात कोणीतरी फ्लश केला. तीन, रंग टाकला, फ्लश कोणीच केला नाही, तरी रंग गेला.

काकू म्हणाल्या की पहिलं शक्य नाही. त्यांचा रुमाल अजून गुलाबी होता. मलाही कपावरची बोटं आठवली. पुडी मी घट्ट बांधून दिली होती, कोरड्या पुडीने बोटं रंगत नाहीत. ओल्या हातांनी ती उघडून टाकीत झटकली तरच रंगतात. म्हणजे माणूस खरंच प्रामाणिक होता. दुसरंही शक्य नव्हतं. घराला कुलूप होतं, किल्ली माझ्या मांडीवर होती आणि घरातली दोन्ही माणसं माझ्यासमोर चहा पीत होती.

उरलं तिसरं. झडप इतकी उघडी होती की आम्ही चहा पीत असताना टाकीतलं पाणी कितीतरी वेळा बदललं. सगळा रंग आम्ही वर जायच्या आतच कमोडमधून ड्रेनेजमध्ये गेला आणि मागे स्वच्छ पाणी येत राहिलं. थोडी गळती असती तर कमोड गुलाबी दिसला असता. गळती मोठी होती म्हणूनच तो पांढरा दिसला.

आणि मग मला तो थरथरणारा उजेड आठवला. दम लागला म्हणून हात हलला असं मी धरून चालले होते. माझा हात थरथरत नाही. थरथरत असता तर लोकांनी माझ्यासमोर तोंड उघडलं असतं का? हलत होतं ते कमोडमधलं पाणी.

आम्ही दोघी वर गेलो. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाले. झाकण नाजूक आहे, सकाळी एवढा तमाशा झाला तो पुरे, आपल्या घरात कोणी गळतीचा शोध घेणं हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटत होता. सबंध इमारतीला पाणी वाचवायला शिकवणारा माणूस, त्याच्याच घरात? ते बोलत होते तोवर काकू बाथरूममध्ये गेल्या. दोन्ही हातांनी झाकण उचलून त्यांनी खाली फरशीवर ठेवलं. त्याचे दोन तुकडे झाले नाहीत. फुटायची भीती फक्त सेक्रेटरींना होती.

मी टॉर्च धरला. आत एक सोडून दोन बाटल्या होत्या.

सगळ्यांच्या टाकीत एकेक होती. स्वतःच्या घरात सेक्रेटरींनी दोन सोडल्या होत्या, कारण सेक्रेटरीने इतरांपेक्षा जास्त वाचवलं पाहिजे. दुसरी बाटली कलंडून झडपेच्या साखळीवर रेलली होती. साखळी ताणलेली, झडप एका बाजूने उचललेली, आणि त्या फटीतून पाणी न थांबता खाली जात होतं. पाइपला कान लावून त्यांनी दिवसभर जो आवाज ऐकला तो त्यांच्याच टाकीचा होता. मी बाटली उचलली. झडप टप्पकन बसली आणि बाथरूममध्ये पहिल्यांदाच शांतता झाली.

सेक्रेटरींचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं, ते खोटं सांगणार नाही. मग ते हळू आवाजात बोलले.

"बाटली काढली, प्रश्न मिटला. उद्यापासून पाणी पुरेल. हे खाली जाऊन सांगायलाच हवं का?"

मी म्हटलं, मावशी उद्या निघाल्या आहेत.

"जाणारच होत्या त्या कधीतरी. मुलगा चांगला आहे. आणि त्या गेल्यावर पाणी पुरलं, तर कोणी कोणाला विचारणारही नाही."

६

त्यांना मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पेशंटशी मी असं कधी बोलत नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगायचं, सगळ्यांसमोर, आणि मावशींच्या मुलासमोर, हे मात्र मी दोनदा बजावलं. शेवटी काकू बोलल्या, त्याही एवढंच की तुम्ही गेला नाहीत तर मी जाऊन सांगेन, आणि मला सांगावं लागलं तर मी पुन्हा वर येणार नाही. मी दार ओढून घेतलं आणि खाली आले. सेक्रेटरी काय करतील याची मला खात्री नव्हती.

रविवारी सकाळी मुलगा आला. मोठ्या हुद्द्यावरचा, मवाळ बोलणारा. आईसाठी खोली तयार आहे, बाथरूममध्ये आपोआप बंद होणारे नळ बसवून घेतलेत, असं त्याने मला मोठ्या मायेने सांगितलं. त्याने गाडीत सामान ठेवायला सुरुवातही केली होती. मी जिन्याकडे बघत उभी होते. मी स्वतःच सांगायला पुढे होणार, इतक्यात वरून पावलं वाजली.

सेक्रेटरी खाली उतरले. मागे काकू. सेक्रेटरींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दुसरी बाटली हातात धरली होती. त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता, स्वतःची बाजू न मांडता. पाइपच्या आवाजाचा अर्थ कसा चुकीचा लावला तेही सांगितलं. शेवटी म्हणाले की मावशी, तुमचा काही दोष नव्हता, कधीच नव्हता, मला माफ करा.

मावशींनी उंबऱ्यावरूनच ऐकलं. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्या खालीच बसल्या.

"मग तो कॉक मी बंदच केलेला होता," त्या म्हणाल्या.

कोणता कॉक, मी विचारलं. तेव्हा त्यांनी पदराखालचा हात काढून पुढे केला. त्यांच्या घराला पाणी येणाऱ्या मुख्य पाइपाचा कॉक मागच्या भिंतीत आहे, जुना, गंजलेला. टंचाई सुरू झाली आणि कुजबुज त्यांच्या कानावर आली, तेव्हापासून रोज सकाळी लागेल तेवढं पाणी बादलीत भरून घेऊन त्या तो कॉक तळव्याने दाबून पिळून बंद करायच्या. दिवसभर त्यांच्या एकाही नळाला पाणी नसायचं. तरी भिंतीतून वाहण्याचा आवाज यायचाच. त्या उठून बघायला जायच्या तर कॉक बंदच. मग त्यांना वाटायचं, मधे मीच उघडला असेन, आत्ता मीच बंद केला असेन, आणि दोन्ही विसरले असेन. त्या पुन्हा पिळायच्या. आवाज पुन्हा यायचा. कोणाला सांगितलं तर वेड लागलं म्हणतील, म्हणून सांगितलं नाही.

"मग मीच याला फोन केला. म्हटलं, ने मला, माझं डोकं चालत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. ज्या गोष्टीने त्या निर्दोष ठरत होत्या, त्याच गोष्टीने त्यांना वेडं ठरवलं होतं, आणि ठरवणाऱ्याही त्याच. सेक्रेटरींनी बाटली खाली ठेवली. बेकरीवाला, जो पाव द्यायला म्हणून आला होता, तो पिशवी हातात धरून थिजला होता.

सगळ्यात आधी मुलगा सावरला. कर्तीसवरती माणसं लवकर सावरतात. ठीक आहे, तो म्हणाला, उलगडा झाला, चांगलं झालं, पण खोली तयार आहे, सुट्टी काढली आहे, सामान गाडीत आहे, आणि आज ना उद्या हे करावं लागणारच आहे. तेव्हा निघू या.

मी काही बोलणार होते. काकूंनी माझा दंड धरला. ही पाळी माझी नव्हती.

मावशी उठल्या. कठडा न धरता. "मी फोन केला तेव्हा तू काय म्हणालास आठवतं? म्हणालास, कधी येऊ. डॉक्टर माझी कोणी नाही, तिने घरात येऊन पायपुसणं हाताने चाचपून पाहिलं. सेक्रेटरींनी निदान पाइपला कान तरी लावला. तू माझा मुलगा. तू काहीच विचारलं नाहीस."

तो गाडीपासून चालत आला, आईच्या समोर, खालच्या पायरीवर उभा राहिला. आता तो हुद्द्यावरचा कोणी दिसत नव्हता.

"आई," त्याने विचारलं, "नळ खरंच उघडा राहायचा का गं?"

"नाही," मावशी म्हणाल्या.

त्यांनी ते एकदाच सांगितलं. मग बेकरीवाल्याच्या हातातली पिशवी घेऊन त्या मुलाला म्हणाल्या, की सामान खाली उतरव आणि आत ये, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस.